सेटपाशी बसलेला माणूस

साइटवर इंजिनिअर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वेल्डर कोण?" वेल्डर पुढे होतो, खिशातलं कार्ड काढतो. कार्डावर फोटो, टेस्टची तारीख, कुठल्या पोझिशनला पास झाला ते. सिक्स-जी दिसलं की इंजिनिअरचा चेहरा जरा सैल होतो. ४५ अंशांत तिरका धरलेला, जागचा न हलणारा पाइप ज्याने सगळीकडून जोडला, त्याला बाकीच्या पोझिशन येतातच असं धरून चालतात. मग जॉब दाखवतात, रॉड कुठला वापरायचा ते ठरतं, चहा येतो. मागे वीस-पंचवीस मीटरवर वेल्डिंगला वीज देणारा डिझेल सेट धडधडत असतो आणि त्याच्याशेजारी पालथ्या बादलीवर एक माणूस बसलेला असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे 'हेल्पर' असं लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं असं, की अर्धा सांधा त्या बादलीवर बसून होतो.

आमचं बडोद्यात फॅब्रिकेशनचं छोटं काम आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघतो. मकरपुऱ्याच्या शेडमध्ये काम असेल तेव्हा काही प्रश्न नसतो. भिंतीतून वीज येते, मशीनचं बटण दाबलं की झालं. पण पैसे मिळतात ते बाहेरच्या कामात. वाघोडियाकडे नव्या शेडचे कॉलम उभे करायचे असतात, पादऱ्याकडे शेतातून पाण्याची लाइन टाकायची असते, सावलीला कोणीतरी प्लॉट घेतलेला असतो आणि विजेचं कनेक्शन 'आठवड्यात येतंय' असं तो कितीतरी आठवडे सांगत असतो. तिथे सेट न्यावा लागतो. आणि सेट म्हटला की काका आले.

काका नात्यातले नाहीत. बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत, मला चड्डीत पाहिलेलं आहे, त्यामुळे पगार मी देत असलो तरी मला 'अरे-तुरे' करतात. त्यांना वेल्डिंग येत नाही असं नाही. ग्रिल, गेट, अँगल सगळं करतात. पण रॉड धरायचा होल्डर हातात घेण्यापेक्षा त्यांना इंजिनापाशी बसायला आवडतं. कोणी विचारलं तर म्हणतात, "तिकडे दिसतं, इकडे ऐकू येतं."

बाहेरून पाहिलं तर सेटमध्ये विशेष काही नाही. दोन चाकांच्या ट्रॉलीवर डिझेल इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर, एक पॅनल, करंट कमी-जास्त करायची मूठ आणि दोन टर्मिनल. एकाला होल्डरची केबल, दुसऱ्याला अर्थिंगची, म्हणजे करंट परत यायची. जीपच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या मागे अडकवला की निघाला. आमचा सेट १५०० आरपीएमवर चालतो. पेट्रोलचे लहान सेट ३००० वर किंचाळतात, ते काकांना आवडत नाहीत.

हिशोब साधा आहे. ३.१५ मिलिमीटर जाडीचा रॉड साधारण १०० ते १३० अँपिअर मागतो, ४चा रॉड १४० ते १८०. अँपिअर ऐकायला भरपूर वाटतात, पण आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली ती झगझगीत ठिणगी, पेटल्यावर व्होल्टेज २५च्या आसपास असतं. १५० अँपिअर आणि २६ व्होल्ट धरले तर ३९०० वॉट, म्हणजे चार किलोवॉटला थोडे कमी. त्यात जनरेटरमध्ये जाणारं नुकसान धरलं की इंजिनाला सात-आठ हॉर्सपॉवर सतत द्यावी लागते. रॉड चिकटला, चारचा लावला, केबल लांबली की आणखी. रॉड टेकवण्याआधी होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात, आर्क पेटली की ते धाडकन खाली येतात. ही मशीनची कमजोरी नव्हे. मुद्दाम तसं केलेलं असतं, म्हणजे वेल्डरचा हात थोडा वरखाली झाला, आर्क लांब-आखूड झाली, तरी करंट फारसा हलत नाही. हात माणसाचाच असणार, हे गृहीत धरून बनवलेलं यंत्र आहे ते.

आणि एका लिटर डिझेलमधून इंजिनाच्या शाफ्टवर तीन-साडेतीन युनिटच मिळतात, बाकीची उष्णता धुराड्यातून आणि इंजिनाच्या अंगातून निघून जाते. शेडमध्ये मीटर कुठे फिरतो ते कोणी बघत नाही. साइटवर मात्र कॅन समोर असतो. त्यातली पातळी खाली जाताना दिसते. काका विजेचा विचार युनिटमध्ये करत नाहीत, लिटरमध्ये करतात. वेल्डर आणि फिटर 'गॅप किती ठेवायचा' यावर वाद घालत उभे राहिले की काकांचा हात थ्रॉटलकडे जातो.

सकाळचं त्यांचं काम बघण्यासारखं असतं. इंजिन गार असताना आधी ऑइलची पट्टी. बाहेर काढायची, कॉटन वेस्टने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग काढून बघायची. नवी मुलं पहिल्यांदा बाहेर काढून तेवढ्यावरच 'ऑइल आहे' म्हणतात. काका पट्टी उजेडाकडे धरून नुसती पातळी बघत नाहीत, दोन बोटांत ऑइल चोळून बघतात. पातळ झालंय का, डिझेलचा वास येतोय का, दुधट पांढरं दिसतंय का. दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय, मग ते इंजिन त्या दिवशी चालू होणार नाही, साइटवर कोणीही येऊन काहीही सांगो. मग एअर क्लीनर. मग फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून. मग बॅटरीच्या टर्मिनलवर आलेली पांढरी पूड गरम पाण्याने धुवायची. टाकी आदल्या संध्याकाळीच भरलेली असते, कारण रिकाम्या टाकीत रात्री हवा गार झाली की ओल धरते आणि ते पाणी तळाशी बसतं. सेडिमेंटरचा, म्हणजे पाणी-गाळ साठणाऱ्या वाटीचा, स्क्रू सैल करून दोन-चार थेंब खाली सोडले की ते दिसतं, डिझेलखाली वेगळी गोळी होऊन.

जुना एक सेट अजून हँडल मारून चालू करावा लागतो. डीकम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब मोकळा सोडणारा, लिव्हर वर करायचा, हँडल फिरवून वेग घ्यायचा, आणि वेग आला की लिव्हर सोडायचा. यातली खरी गोष्ट अंगठ्याची आहे. हँडल धरताना अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळून धरायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जायला हवं. अंगठा विळखा घालून असेल तर तो मोडतो. हे काका नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतात, तेही हँडल त्याच्या हातात न देता. हातात मिळायला महिने लागतात.

चालू झाल्यावर लगेच लोड द्यायचा नाही. पाच मिनिटं हळू चालू द्यायचं, ऑइल वरपर्यंत पोचू द्यायचं. बंद करतानाही तसंच. लोड काढून थोडा वेळ मोकळं चालवायचं, मग बंद. पण उगीच तासन्‌तास मोकळं चालवत ठेवणंही वाईट. कमी लोडवर डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, सायलेन्सरमधून ओलसर काळं गळायला लागतं. इंजिनाला फार आराम सोसत नाही, असं बाबा म्हणायचे. ते इंजिनाबद्दलच बोलत होते की माझ्याबद्दल, हे तेव्हा कळायचं नाही.

आता ऐकण्याबद्दल.

सेटपाशी बसणारा माणूस आर्ककडे पाठ करून बसतो. त्याच्याकडे वेल्डरसारखी दहा-अकरा नंबरची काच नसते, आणि दिवसभर कोपऱ्यातून चमकणारी आर्क डोळ्यांत गेली तर रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहिलेली माणसं आमच्या धंद्यात प्रत्येकाने पाहिलेली असतात. म्हणून पाठ. आणि पाठ केली की समोर इंजिन आणि कानात इंजिन, एवढंच उरतं.

वेल्डरने रॉड टेकवला की जनरेटरवर लोड येतो, इंजिन क्षणभर दबतं, वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल वाढवतो, धुराड्यातून एक काळा झोत येतो आणि आवाज पुन्हा जागेवर बसतो, आधीपेक्षा जरा जाड. चांगल्या हाताचा रॉड चालू असताना हा जाड आवाज सरळ रेषेत जातो. नवशिक्या असेल तर आवाज सारखा उचकतो. रॉड चिकटला तर इंजिन कण्हायला लागतं आणि कण्हतच राहतं, म्हणजे शॉर्ट झालाय; तिथे वेल्डर रॉड हलवून सोडवायचा प्रयत्न करत असतो. आर्क फार लांब धरली असेल तर मध्येच तुटते, इंजिन हलकं होतं, पुन्हा दबतं. रॉड संपला की सुटल्यासारखा आवाज येतो आणि मागोमाग हातोडीने सांध्यावर धरलेली रॉडची पपडी काढल्याची टकटक. ती टकटक आली नाही आणि थेट दुसरा रॉड पेटला, तर काका न बघता मोठ्याने ओरडतात, "पपडी काढ रे आधी!" पपडी न काढता वर दुसरा थर चढवला की ती आत अडकते, आणि रेडिओग्राफी, म्हणजे सांध्याचा एक्स-रे, झाली की फिल्मवर काळी रेघ दिसते. त्या रेघेवर सही वेल्डरची असते, पण ती पहिल्यांदा ऐकू आलेली असते काकांना.

नव्या सेटमध्ये आयडलरची सोय असते. आर्क थांबली की काही सेकंदांत इंजिन आपोआप हळू होतं, रॉड टेकवला की उचलतं. डिझेल वाचतं, मान्य. पण रूट, म्हणजे सांध्याचा तळाचा पहिला थर, भरताना वेल्डर दर मिनिटाला थांबतो, बघतो, पुन्हा टेकवतो, आणि टेकवल्यावर इंजिन वेग घेईपर्यंतचा तो पहिला क्षण कच्चा जातो. काका रूटच्या वेळी आयडलर बंद ठेवतात आणि वरचे थर भरताना चालू करतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

केबलचं शास्त्र लोकांना वाटतं त्याहून कडक आहे. समजा सेट जॉबपासून ५० मीटरवर आहे आणि केबल ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची. जायची ५० आणि अर्थिंगची परत यायची ५०, म्हणजे १०० मीटर. १५० अँपिअरला त्यात सात व्होल्टच्या वर नुसते केबलमध्ये जातात. आर्कच मुळात २६ व्होल्टची. म्हणजे आर्कला लागतात त्यांच्या चौथाईहून जास्त व्होल्ट केबल गरम करण्यात. वेल्डर म्हणतो करंट कमी आहे, मशीन खराब आहे. मशीन बिचारं पूर्ण देत असतं. त्यात केबलच्या टोकाचा एखादा लग सैल असला, अर्थिंगचा क्लॅम्प गंजक्या रंगावर लावलेला असला, की संपलंच. काका दर तासाला केबल हाताने चाचपत जातात, जिथे सांधा गरम लागेल तिथे थांबतात. उरलेली केबल वेटोळं करून ठेवलेली त्यांना खपत नाही, ती पसरून टाकायला लावतात, कारण वेटोळ्यात उष्णता कोंडते.

आणि अर्थिंग कुठे लावायचं हा वेगळाच विषय. करंटला परत यायचा रस्ता हवा असतो आणि तुम्ही दिला नाही तर तो स्वतः शोधतो. कन्व्हेयरच्या एका टोकाला वेल्डिंग आणि दुसऱ्या टोकाला क्लॅम्प लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर बारीक चट्टे पडतात, आणि महिन्याभराने ते बेअरिंग आवाज करायला लागतं. तोपर्यंत आमचं बिल पास झालेलं असतं, शिव्या मेन्टेनन्सवाला खातो. लॉरीवर काम असेल तर बॅटरीची केबल सोडवल्याशिवाय काका सेट चालूच करत नाहीत. ड्रायव्हर हुज्जत घालतो, "पाँच मिनिट का काम है." काका तिथेच बसून राहतात. पाच मिनिटं वादातच जातात, पण जातात ती त्याची.

हाताच्या खुणा ही साइटची खरी भाषा. वेल्डर मुखवट्याखाली, इंजिनाचा आवाज, बोलणं अशक्य. अंगठा वर म्हणजे करंट वाढव, खाली म्हणजे घटव, मूठ म्हणजे आहे तसाच ठेव. तरीही ओरडणारे ओरडतातच. आमच्या साइटवर उत्तर प्रदेशचा वेल्डर, पंचमहालचा ग्राइंडरवाला, सौराष्ट्राचा फिटर आणि मराठी काका अशी मंडळी असतात, त्यामुळे 'थोडुं वधार', 'बस बस', 'जरा कमी कर रे' हे सगळं एकाच दमात ऐकू येतं आणि सगळ्यांना कळतं. बडोद्यात वाढलेल्या माणसाला यात नवल नाही. घरात मराठी, गल्लीत गुजराती, साइटवर हिंदी.

आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांना मात्र या धंद्याचं जरा वावडं होतं. संस्थानी शहर, पणजोबा-आजोबांची पिढी कचेरीत, शाळेत, नाहीतर लष्करात. हाताच्या कामाला शहरात प्रतिष्ठा नव्हती असं मात्र नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, त्रिभुवनदास गज्जरांनी इथे कलाभवन सुरू केलं ते कारागिरीचं आणि तंत्राचं शिक्षण देण्यासाठीच. दादासाहेब फाळके तिथे शिकले. १९०७ मध्ये अलेम्बिक ही औषधांची कंपनी आली. पण बडोद्याला वेल्डरांचं शहर केलं ते नंतरच्या तेलाने. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी चालू झाली, पाठोपाठ खताचे आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने, आणि पाइप जोडणाऱ्या हातांना एकदम किंमत आली. बाबा आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड करून निघाले तेव्हा आजोबा दोन दिवस बोलले नव्हते म्हणे. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण पगार ऐकला.

रिफायनरीच्या आत सेट न्यायचा तर थाट वेगळा. हॉट वर्क परमिट म्हणजे आगीच्या कामाची परवानगी, गॅस टेस्ट, धुराड्याला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टर, आग विझवायचं सिलिंडर आणि नुसतं बघत उभा राहायला एक फायर वॉचर. या कागदांची चेष्टा करणारे भेटतात. ज्यांनी हायड्रोकार्बनचा वास घेतलाय ते करत नाहीत.

डभोईच्या बाजूला काम लागलं की मला हटकून एक गोष्ट आठवते. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी नॅरोगेज लाइन पडली, देशातली पहिली, आणि सुरुवातीला डबे ओढायला बैल होते. रूळ लोखंडाचे, ओढणारे बैल. इंजिन नंतर आलं. एकदा हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "बरंय की. बैलाला एअर लागत नाही."

एअर लागणं म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरणं. टाकी तळाला गेली, फिल्टर बदलला, वॉशर उतरला, की इंजिन फिरतं पण पेटत नाही. उपाय सगळ्यांना माहीत असतो, धीर नसतो. फिल्टरवरचा छोटा बोल्ट दोन फेरे सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो. मग फेस आणि डिझेल. मग डिझेल येतं पण मध्येच एक बुडबुडा फुटतो. इथेच मुलं बोल्ट आवळतात आणि पुन्हा अर्धा तास घालवतात. काका बुडबुडा येणं पूर्ण थांबल्यावरसुद्धा दहा-बारा वेळा पंप मारतात, आणि बोल्टमधून डिझेल वाहत असतानाच तो आवळतात, म्हणजे हवेला परत आत यायला फटच मिळत नाही. पुढे पंपापाशी तेच, मग नोझलच्या नटापाशी तेच. हात कोपरापर्यंत डिझेलने माखतो. संध्याकाळी साबणानेही वास जात नाही, त्यामुळे घरच्यांना कळतं आज काय झालं ते.

दुसरा त्यांचा हातखंडा म्हणजे झोपलेला जनरेटर उठवणं. पावसाळ्यात सेट महिना-दीड महिना पडून राहिला की कधी कधी इंजिन सुरेख चालतं आणि टर्मिनलवर व्होल्टेज शून्य. नवा माणूस म्हणतो, वाइंडिंग जळलं, आणि रिवाइंडिंगवाल्याकडे पाठवायची भाषा करतो. काका आधी कार्बन ब्रश बघतात, अडकलेत का, झिजलेत का, आणि ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर पुसून घेतात. तरी काही नाही, तर गोष्ट चुंबकाची असते. या जनरेटरच्या लोखंडात मागच्या चालण्याचं थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं, त्याच्याच जोरावर तो दर वेळी स्वतःला उठवतो. पडून राहून किंवा ट्रॉली आदळून ते गेलं तर त्याला सुरुवात करायला काही नसतं. मग बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी फील्डला, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या वाइंडिंगला, क्षणभर लावायच्या, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. उलट्या लावल्या तर पोलॅरिटी फिरते. आणि ७०१८ नंबरचा रॉड प्लसवर चालवायचा असतो. टर्मिनलवर लिहिलंय एक आणि निघतंय दुसरं, असं झालं तर वेल्डर दिवसभर रॉडच्या कंपनीला शिव्या देतो.

पावसाचा आणखी एक प्रसंग सांगतो. गोडाउनच्या आत ट्रस दुरुस्त करायचा होता. बाहेर मुसळधार. मॅनेजर चांगला माणूस, त्याने सेट भिजेल म्हणून काळजीने सांगितलं, "अंदर ले लो, शटर आधा गिरा देते हैं." काकांनी ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अंदर नहीं चलेगा." मॅनेजरला वाटलं हे आवाजाबद्दल आहे. मी समजावत बसलो की इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, बंद जागेत साठला तर माणूस डोकं जड झालं म्हणून खाली बसतो आणि उठत नाही. मी हे सांगत होतो तोवर काकांनी चार बांबू रोवून वर ताडपत्री बांधलीसुद्धा, धुराड्याची बाजू उघडी ठेवून, आणि वारा गोडाउनकडून बाहेर वाहतोय ना हे बघून. केबल मात्र लांबली. सात व्होल्ट गेले तर गेले.

ओल्यात काम करताना ते ६०-८० व्होल्टसुद्धा हलके घ्यायचे नसतात. भिजलेले हातमोजे, घामाने चिंब शर्ट, खाली पाणी, आणि लोखंडाला टेकलेला माणूस. कोरड्यात जे जाणवत नाही ते तिथे छातीतून जातं. २०१९च्या जुलैअखेर आणि पुन्हा २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने शहरात घुसून जे केलं, ते बडोदेकरांना सांगायला नको. वीज नाही, गेटं वाकलेली, शटरं अडकलेली. अशा दिवसांत आमच्यासारख्यांचे फोन थांबत नाहीत, कारण लाइनच्या विजेवरची मशीनं सगळी बंद असतात. २०२४ला काकांनी पाणी चढायच्या आदल्या रात्रीच सेट ओढून उंचावर नेऊन ठेवला होता, म्हणून तो वाचला. पण पाणी पूर्ण ओसरेपर्यंत त्यांनी एकही रॉड पेटवू दिला नाही. ओळखीच्या एका घरमालकाने गुडघाभर पाण्यात गेट कापून द्या म्हणून हात जोडले. काका म्हणाले, "तुमच्या दारात मगर आली तर ती दिसेल तरी, शेठ." विश्वामित्रीच्या पुरात मगरी गल्ल्यांत येतात, त्यामुळे हे वाक्य इथे विनोद म्हणून कोणी घेत नाही.

उन्हाळा उलटा. मशीनच्या पाटीवर ड्यूटी सायकल लिहिलेलं असतं, ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं विश्रांती. पण तो आकडा ४० अंशांच्या हवेसाठी धरतात. बडोद्यात मे महिन्यात सावलीतच ४२-४३ असतं. म्हणजे पाटी जे कबूल करते ते उघड्या शेतात मिळत नाही. काका चार मिनिटांची सहा करतात. वेल्डर कुरकुरतो, त्याला रनिंग मीटरवर, म्हणजे जोडलेल्या लांबीवर, पैसे असतात.

हल्ली डब्याएवढी इन्व्हर्टर मशीनं आली आहेत, खांद्याला लटकवून नेतात. छान आहेत, आमच्याकडेही आहेत. पण त्यांना वीज लागते, आणि ती साइटवर भाड्याच्या लहान जनरेटरमधून घेतली की रॉड टेकवताच जनरेटर दबतो, व्होल्टेज झोकांड्या खातं, आणि आतलं सर्किटचं कार्ड उडतं. मोठा चांगला जनरेटर लावला तर चालतं. मग त्याच्याशेजारी पुन्हा बादली आलीच. गणपतीत मांडवाचे सांगाडे रात्री उभे करताना मी इन्व्हर्टरच नेतो, कारण दांडियाबाजारातले आजी-आजोबा सेटचा आवाज सहन करत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

राहिला प्रश्न पैशांचा. सरकारी दाखल्यात वेल्डर हा ट्रेड आहे. सेट सांभाळणाऱ्याला दाखला नाही, कार्ड नाही, टेस्ट नाही. टेस्ट कशी घेणार, हेही खरंच. कोणत्या परीक्षकासमोर कोण कान लावून बसणार? म्हणून तो हेल्पर, आणि त्याला हेल्परचा रेट. मी मागच्या कोटेशनपासून एक वेगळी ओळ घालायला लागलो आहे: 'सेट ऑपरेटर, प्रतिदिन', वेल्डरच्या रेटपेक्षा थोडी कमी. पहिल्याच पार्टीच्या अकाउंट्सने ती ओळ लाल करून परत पाठवली. वेल्डर स्वतः बटण दाबू शकत नाही का, असं विचारलं. मी उत्तरादाखल त्यांच्याच मागच्या जॉबचे रेडिओग्राफीचे रिझल्ट जोडले: एक लाइन काकांच्या सेटवर झालेली, एक भाड्याच्या सेटवर, जिथे ऑपरेटर म्हणून कोणीच नव्हतं, वेल्डर दोन्हीकडे तोच. मेल वाचल्याचं कळलंय, उत्तर नाही.

काकांना हे सांगितलं नव्हतं. त्यांना कोटेशन टाइप करणाऱ्या मुलीकडून कळलं. संध्याकाळी टाकी भरताना म्हणाले, "ओळ काढली तर काढू दे. पण त्या नव्या पोराला सोमवारपासून माझ्याजवळ बसव. आणि त्याचा मोबाइल तुझ्याकडे ठेव, कानात वायर घालून बसतो तो." पोरगा सोमवारपासून बसतोय. पार्टीला मी काल पुन्हा फोन केला.